सर्व्हरवरून पुश: समोरून २०० येतो, फोन मात्र गप्प

आडवीरेघ (प्रश्न)

एका अ‍ॅपसाठी स्वतःच्या सर्व्हरवरून पुश (फोनवर जाणारी नोटिफिकेशनं) पाठवायचे आहेत. मध्ये तिसरी कुठली सेवा नाही. अँड्रॉइडला एफसीएमचा (गूगलची पुश सेवा) एचटीटीपी व्ही१ एपीआय, आयओएसला थेट एपीएनएस (अ‍ॅपलची पुश सेवा). टोकनचं (फोनवरच्या अ‍ॅपचा पुशसाठीचा पत्ता) एकच टेबल आहे, त्यात तीन कॉलम: यूजर आयडी, टोकन आणि टाकल्याची वेळ. ओळी साधारण १,८०,०००. दर तासाच्या ठोक्याला क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्राम) सुरू होतो, चार वर्कर (समांतर चालणारे प्रोसेस) टेबल वाटून घेतात आणि एकेका टोकनला रिक्वेस्ट मारत सुटतात.

लक्षणं अशी:

१. एफसीएम २०० ('रिक्वेस्ट मान्य' असा कोड) देतं, मेसेजचं नावही परत करतं, पण काही फोनवर काहीच दिसत नाही. काहींवर दोन-तीन तासांनी एकदम ढीग येतो.

२. आयओएसच्या काही टोकनवर ४०० आणि 'बॅड डिव्हाइस टोकन'. अ‍ॅप तेच, की तीच.

३. एपीएनएस थोड्या वेळाने ४२९ द्यायला लागतं. वेग फारसा नसतानाही.

४. काही जणांना एकच नोटिफिकेशन दोनदा.

५. अ‍ॅपला मागच्या मागे जागं करून डेटा ताजा करायला सायलेंट पुश पाठवतो, तो कधी चालतो, कधी नाही.

यातलं कॉन्फिगरेशनमुळे काय होतंय आणि मुळातच चुकीच्या रचनेमुळे काय होतंय, हे वेगळं करायचं आहे.

---

पोर्ट२१९७

आयओएसपुरतं सांगतो, अँड्रॉइडवाले येतीलच.

आधी २०० चा अर्थ. ती कुरियरच्या काउंटरवरची पावती आहे, घरपोच मिळाल्याची सही नव्हे. अ‍ॅपलने रिक्वेस्ट तपासली, टोकन ओळखीचं निघालं, माल ठेवून घेतला, एवढंच. पुढे फोन बंद असेल, यूजरने परवानगी काढून घेतली असेल, फोकस मोड लावला असेल, तरी तुम्हाला २०० च मिळणार. म्हणून '२०० किती आले' हा आकडा डॅशबोर्डवर 'पोचलेले' या नावाने दाखवू नका.

बॅड डिव्हाइस टोकन: दहापैकी नऊ वेळा हा सँडबॉक्स (चाचणीचं) आणि प्रॉडक्शन (खरं) या दोन एन्व्हायर्नमेंटचा घोळ असतो. एक्सकोडमधून थेट फोनवर टाकलेल्या डेव्हलपमेंट बिल्डला सँडबॉक्सचं टोकन मिळतं. टेस्टफ्लाइट आणि अ‍ॅप स्टोअरच्या बिल्डला प्रॉडक्शनचं. दोन्हींचे होस्ट वेगळे आहेत आणि एकाचं टोकन दुसऱ्याकडे चालत नाही. टोकनकडे नुसतं बघून ते कुठलं हे कळत नाही, त्यामुळे अ‍ॅपने नोंदणी करतानाच एन्व्हायर्नमेंट पाठवायचं आणि टेबलात तो कॉलम हवाच. याचा जुळा भाऊ म्हणजे 'डिव्हाइस टोकन नॉट फॉर टॉपिक': टोकन एका बंडल आयडीचं (अ‍ॅपची ओळख) आणि एपीएनएस-टॉपिक हेडरमध्ये दुसराच बंडल आयडी. पी८ की (अ‍ॅपलकडून मिळणारी सहीची की) सहसा पूर्ण टीमला चालते, म्हणून की बरोबर असूनही ही चूक होते.

जाता जाता: टोकन ६४ हेक्स अक्षरांचंच असतं असं धरून कॉलमची लांबी ठरवू नका. अ‍ॅपल तशी कुठलीही हमी देत नाही.

४२९ बद्दल. त्याच्याबरोबर बॉडीत 'रीझन' येतं, ते लॉग करताय का? नसाल तर आजच सुरू करा, नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही. 'टू मेनी रिक्वेस्ट्स' असेल तर एकाच टोकनवर पाठोपाठ मारा होतोय. पण माझी पैज 'टू मेनी प्रोव्हायडर टोकन अपडेट्स'वर आहे. पी८ की वापरून जो जेडब्ल्यूटी (सर्व्हरचं सही केलेलं ओळखपत्र) बनवता, तो २० मिनिटांत एकापेक्षा जास्त वेळा बदलायचा नाही आणि ६० मिनिटांपेक्षा जुना झाला तर ४०३ येऊन 'एक्स्पायर्ड प्रोव्हायडर टोकन' मिळतं. तुमचे चार वर्कर बहुतेक प्रत्येक रिक्वेस्टला नवा जेडब्ल्यूटी घडवताहेत. तो एकाच ठिकाणी बनवा, दर ४० मिनिटांनी बदला, रेडिसमध्ये (सगळ्या वर्करना वाचता येणारा मेमरीतला साठा) ठेवा आणि सगळ्यांनी तोच वाचा.

जेडब्ल्यूटी हाताने बनवत असाल तर दोन खड्डे. हेडरमध्ये अल्गोरिदम ईएस२५६ आणि की आयडी, आतमध्ये टीम आयडी आणि सेकंदांतली वेळ, हे सगळे नीट करतात. चुकतं ते सहीत. ओपनएसएसएल जी सही देतं ती डीईआर वेष्टनात असते. जेडब्ल्यूटीला मात्र उघडी ६४ बाइटची लागते, आधी ३२ बाइट आर, मग ३२ बाइट एस. वेष्टनासकट पाठवली की 'इनव्हॅलिड प्रोव्हायडर टोकन' येतं आणि माणूस तासभर की पुन्हापुन्हा डाउनलोड करायला बघतो. (ती डाउनलोड एकदाच होते. पहिली प्रत जपून ठेवा.) दुसरा खड्डा सर्व्हरचं घड्याळ. ते सरकलं की सही बरोबर असूनही ४०३. एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे ना, बघा.

कनेक्शन: एपीएनएसला एचटीटीपी/२ च लागतं. जुना बायनरी प्रोटोकॉल ३१ मार्च २०२१ ला बंद झाला, तेव्हा २१९५ पोर्ट सांगणारे लेख सोडून द्या. पोर्ट ४४३, आणि फायरवॉलमध्ये वेगळा नियम करायचा असेल तर २१९७. पायथनची 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी एचटीटीपी/२ बोलत नाही, 'एचटीटीपीएक्स' घ्या. पीएचपीत कर्ल एनजीएचटीटीपी२ सकट बांधलेलं हवं. आणि कनेक्शन उघडं ठेवा. एकाच कनेक्शनवर अनेक स्ट्रीम समांतर चालतात, तोच एचटीटीपी/२ चा फायदा. दर नोटिफिकेशनला नवं कनेक्शन उघडून बंद केलं तर अ‍ॅपल ते हल्ला समजू शकतं. 'गो अवे' फ्रेम आली तर बोभाटा न करता नवं कनेक्शन जोडायचं आणि अर्धवट राहिलेले स्ट्रीम पुन्हा पाठवायचे.

सायलेंट पुश: तीन गोष्टी एकाच वेळी बरोबर हव्यात. पुश-टाइप 'बॅकग्राउंड', प्रायॉरिटी ५ (१० दिलीत तर चूक), आणि 'एपीएस'च्या आत फक्त 'कंटेंट-अव्हेलेबल' १. अलर्ट, साउंड, बॅज काही नाही. आयओएस १३ पासून पुश-टाइप हेडर सक्तीचं आहे. हे सगळं केलं तरी सायलेंट पुशची हमी नसते. अ‍ॅपलचा स्वतःचा सल्ला तासाला दोन-तीनपेक्षा जास्त पाठवू नका असा आहे. यूजरने अ‍ॅप स्विचरमधून अ‍ॅप वर सारून मारलं असेल तर तो स्वतः उघडेपर्यंत सिस्टिम त्याला जागं करत नाही. बॅकग्राउंड रिफ्रेश बंद असेल तरी तेच. म्हणजे तुमचं पाचवं लक्षण कॉन्फिगरेशनने पूर्ण बरं होणारं नाही. अ‍ॅप उघडल्यावर सर्व्हरला 'नवीन काय' असं विचारणारा रस्ता हवाच, सायलेंट पुश हा त्यावरचा बोनस.

---

डोझमोड

अँड्रॉइड. 'दोन-तीन तासांनी ढीग' हे वाचूनच कारण कळतं: प्रायॉरिटी नॉर्मल आहे आणि फोन डोझमध्ये गेलाय. स्क्रीन बंद करून फोन बराच वेळ टेबलावर पडला की सिस्टिम नेटवर्क रोखते आणि अधूनमधून थोडी खिडकी उघडते. नॉर्मल मेसेज त्या खिडकीची वाट बघतात. व्ही१ मध्ये 'अँड्रॉइड' ऑब्जेक्टच्या आत 'प्रायॉरिटी' हाय करा, म्हणजे फोन लगेच जागा होतो.

पण सरसकट सगळ्यांना हाय लावू नका. हाय प्रायॉरिटीने फोन जागा केला आणि यूजरला काहीच दिसलं नाही, असं वारंवार झालं तर एफसीएम त्या अ‍ॅपचे मेसेज परस्पर नॉर्मलवर उतरवतं. मागच्या ७ दिवसांचं वागणं त्यासाठी बघितलं जातं. अ‍ॅपमध्ये 'गेट प्रायॉरिटी' आणि 'गेट ओरिजिनल प्रायॉरिटी' दोन्ही लॉग करा. दोन्ही वेगळे दिसले की समजा, उतरवलंय.

आता अजिबात न दिसणारे. हे असे तपासा:

अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी रनटाइमला मागावी लागते. नाही म्हटलं तरी टोकन मिळतं, मेसेज पोचतो, दिसत मात्र नाही.

अँड्रॉइड ८ पासून चॅनल (नोटिफिकेशनचा गट) लागतं. स्वतः 'नोटिफाय' कॉल करत असाल आणि त्या आयडीचं चॅनल अ‍ॅपने बनवलेलंच नसेल तर नोटिफिकेशन गुपचूप गळतं, लॉगकॅटमध्ये एक ओळ सोडली तर कुठेही आवाज नाही. शिवाय चॅनलचं महत्त्व एकदा ठरलं की कोडमधून वाढवता येत नाही. ते आता यूजरच्या हातात. पहिल्या रिलीजला 'लो' ठेवलं असेल तर नवा आयडी घेऊन नवं चॅनल करावं लागतं.

फोर्स स्टॉप: सेटिंग्जमधून अ‍ॅप फोर्स स्टॉप केलं तर ते पुन्हा उघडेपर्यंत एकही मेसेज मिळत नाही. काही कंपन्यांच्या फोनवर रिसेंटमधून अ‍ॅप सरकवणं म्हणजेच फोर्स स्टॉप. सर्व्हरवरून यावर इलाज नाही.

आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट: नोटिफिकेशन मेसेज आणि डेटा मेसेज यांतला फरक. पेलोडमध्ये (पाठवलेल्या जेसनमध्ये) 'नोटिफिकेशन' असेल आणि अ‍ॅप बॅकग्राउंडला असेल तर सिस्टिम स्वतःच ट्रेमध्ये दाखवते, 'ऑन मेसेज रिसीव्ह्ड' चालतच नाही. सोबत पाठवलेला डेटा यूजरने टॅप केल्यावर इंटेंटच्या एक्स्ट्रामध्ये मिळतो. म्हणून 'अ‍ॅप उघडं असताना चालतं, बंद असताना कोड चालत नाही' अशी तक्रार येते. तुमचा कोड चालायलाच हवा असेल तर नुसता डेटा पाठवा आणि नोटिफिकेशन अ‍ॅपमध्ये बनवा. डेटामधल्या सगळ्या किमती स्ट्रिंगच हव्यात. आकडा ४२ हा ४२ म्हणून गेला तर ४०० आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. अवतरणात गेला तर ठीक.

फोन बरेच दिवस बंद असेल तर? टीटीएल (मेसेजची मुदत) न देता पाठवलेला मेसेज एफसीएम कमाल २८ दिवस धरून ठेवतं. पण एका फोनसाठी कोलॅप्स न होणारे (नवा आला तरी जुना तसाच राहतो असे) १०० पेक्षा जास्त साठले की सगळेच फेकून दिले जातात आणि फोन परत जोडला गेल्यावर 'ऑन डिलीटेड मेसेजेस' येतो. तो कॉलबॅक लिहिलेला नसेल तर अ‍ॅपला पत्ताही लागत नाही. कोलॅप्स की वापरत असाल तर एका फोनसाठी एका वेळी जास्तीत जास्त ४ वेगळ्या.

चाचणीसाठी 'व्हॅलिडेट ओन्ली' ट्रू करून रिक्वेस्ट मारा. मेसेज जात नाही, पण टोकन आणि पेलोडची तपासणी होते.

---

रांगेतला

वरच्या दोघांनी प्लॅटफॉर्म सांगितले, पण खरी गोम टेबलात आणि क्रॉनमध्ये आहे. तीन कॉलमचं टेबल म्हणजे टोकन कायमचं असतं असं गृहीत धरणं. टोकन नाशवंत आहे. अ‍ॅप पुन्हा टाकलं, नव्या फोनवर गेलं, डेटा साफ केला की ते बदलतं. अँड्रॉइडवर २७० दिवस वापर नसेल तर एफसीएम ते कालबाह्य ठरवतं.

माझ्या मते किमान एवढे कॉलम हवेत: प्लॅटफॉर्म, एन्व्हायर्नमेंट, बंडल आयडी किंवा प्रोजेक्ट, अ‍ॅपने बनवलेला इन्स्टॉलेशन आयडी, यूजर आयडी, टोकन, शेवटचं दिसलं ती वेळ, स्थिती. अ‍ॅप दर वेळी उघडल्यावर टोकन पाठवेल आणि सर्व्हर 'शेवटचं दिसलं' पुढे सरकवेल. महिनाभर न दिसलेली टोकनं वेगळी काढा, मोजमापात धरू नका.

मायएसक्यूएल असेल तर एक किडा आधीच मारून टाका. नेहमीचं कोलेशन (अक्षरं जुळवायचा नियम) लहान-मोठी लिपी एकच मानतं, पण एफसीएम टोकन तसं नाही. कॉलम अ‍ॅस्की बिनमध्ये ठेवा. टोकन लांब असतं, म्हणून युनिक इंडेक्स थेट त्यावर न लावता त्याच्या एसएचए-२५६ हॅशचा वेगळा कॉलम करून त्यावर लावा.

क्रॉन. तासाच्या ठोक्याला पाठवणं ही सगळ्या जगाची सवय आहे. गूगल स्वतः सांगतं की :००, :१५, :३०, :४५ च्या आसपासची दोन-दोन मिनिटं टाळा. :०७ ला सुरू करा. शून्यावरून एकदम पूर्ण वेगाला जाऊ नका, किमान ६० सेकंद घेऊन वाढवा. एफसीएमची नेहमीची मर्यादा प्रोजेक्टमागे मिनिटाला ६,००,००० मेसेजची आहे, तुम्ही तिच्या जवळपासही नाही. सेकंदाला ३०० ठेवले तरी १,८०,००० टोकनं १० मिनिटांत संपतात. एवढी घाई कुणालाच नसते, आणि तुमच्याच एपीआयवर टॅप करणाऱ्यांची झुंबड उडते ती वेगळी.

दोनदा जाण्याचं कारण: टाइमआउट. तुम्ही तीन सेकंदांत सोडून देता, समोरच्याने तोवर रिक्वेस्ट घेतलेली असते, वर्कर 'अपयश' समजून पुन्हा मारतो. टाइमआउट किमान १० सेकंद ठेवा. ही शक्यता शून्यावर येणार नाही, म्हणून दुसऱ्या वेळी गेलं तरी फोनवर एकच दिसेल अशी सोय करा. प्रत्येक नोटिफिकेशनला स्वतःचा आयडी, तोच एपीएनएसच्या कोलॅप्स-आयडीमध्ये (६४ बाइटपर्यंत) आणि अँड्रॉइडच्या 'टॅग'मध्ये. दुसरं आलं की पहिल्याच्या जागी बसतं.

पुन्हा कधी मारायचं: ४२९ आणि ५०० च्या घरातले, बस. ४२९ ला 'रिट्राय-आफ्टर' असेल तेवढं थांबा, नसेल तर ६० सेकंद. ५०३ ला दर वेळी दुप्पट आणि त्यात थोडा रँडम भाग, नाहीतर चारही वर्कर एकाच क्षणी परत धडकतात. ४००, ४०३, ४०४ पुन्हा मारून काही बदलत नाही. एफसीएमचा ४०४ 'अनरजिस्टर्ड', एपीएनएसचा ४१० आणि ४०० 'बॅड डिव्हाइस टोकन' आले की ओळ सरळ उडवा.

रिट्रायमध्ये मुदतीचा एक सापळा आहे. एपीएनएसचं एक्स्पिरेशन हे घड्याळातली ठराविक वेळ असते, तर एफसीएमचा टीटीएल हा कालावधी ('३६००एस' असा). तोच पेलोड २० मिनिटांनी पुन्हा पाठवला तर एफसीएमकडे तास नव्याने सुरू होतो. क्यूमध्ये (पाठवायच्या कामांची रांग) 'कधीपर्यंत उपयोगाचं' ही वेळ ठेवा आणि पाठवताना उरलेले सेकंद काढा. उरलेले शून्याखाली गेले तर पाठवूच नका. लॉगिनचा कोड मुदत संपल्यावर येण्यापेक्षा न आलेला बरा.

---

पोर्ट२१९७

@रांगेतला, बाकी सगळं पटलं, पण 'बॅड डिव्हाइस टोकन'वर ओळ उडवणं धोक्याचं आहे. कुणी डिप्लॉय करताना प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये सँडबॉक्सचा होस्ट ठेवला तर एकजात सगळ्या टोकनना हाच एरर येतो. तुमचा क्लीनर दहा मिनिटांत आयओएसचं अख्खं टेबल पुसून टाकेल, आणि ती टोकनं यूजरने अ‍ॅप उघडल्याशिवाय परत मिळत नाहीत. ज्याने अ‍ॅप उघडावं म्हणून पुश पाठवायचा, त्यालाच आधी अ‍ॅप उघडायला सांगायची पाळी.

४०० ला फक्त खूण करा, स्थिती 'संशयित'. एका बॅचमध्ये असे एरर नेहमीच्या कितीतरी पट आले तर क्यू थांबवून माणसाला उठवा. एफसीएमच्या 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'लाही हेच लागू. तो टोकन बिघडल्यावरही येतो आणि पेलोड चुकल्यावरही. ४०३ 'सेंडर आयडी मिसमॅच' म्हणजे टोकन दुसऱ्या फायरबेस प्रोजेक्टचं, बहुधा स्टेजिंगचं अ‍ॅप प्रॉडक्शनच्या एपीआयला बोलतंय.

४१० वर उडवा, पण तिथेही एक तपासणी. ४१० बरोबर टाइमस्टॅम्प येतो, मिलिसेकंदांत: त्या वेळी टोकन निकामी असल्याची खात्री अ‍ॅपलला झाली होती. तुमच्याकडे त्याच टोकनची नोंद त्या वेळेनंतर ताजी झाली असेल तर उडवू नका, यूजरने मधल्या काळात अ‍ॅप परत टाकलेलं असू शकतं. 'शेवटचं दिसलं' सेकंदांत आणि टाइमस्टॅम्प मिलिसेकंदांत असेल तर तुलना नेहमी एकाच बाजूला झुकते, हजाराने भागायचं विसरू नका.

---

रांगेतला

मान्य. होस्टची चूक डोक्यात नव्हती. मग नियम असा धरू: ४१० आणि ४०४ वर काढणं, ४०० वर खूण. काढणं म्हणजेही ओळ पुसणं नको, स्थिती बदलून महिनाभर ठेवा, म्हणजे चूक उलटवता येते.

---

आडवीरेघ

रीझन लॉग केलं. पोर्ट२१९७ यांची पैज बरोबर, 'टू मेनी प्रोव्हायडर टोकन अपडेट्स'च आहे. आता दोन नवीन गोष्टी दिसल्या. मराठी मजकूर थोडा लांब असला की एपीएनएसकडून ४१३, तोच मजकूर इंग्रजीत जातो. आणि क्वचित ४०० 'पेलोड एम्प्टी', जेव्हा बॉडी तर रिकामी नसते. सर्व्हर पीएचपीवर आहे.

---

अनुस्वार

दोन्हींचं मूळ एकच: अक्षर आणि बाइट यांची गल्लत.

एपीएनएसची मर्यादा ४०९६ बाइट (व्हॉइपला ५१२०), आणि ती अख्ख्या जेसनची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. 'नोटिफिकेशन' हा शब्द दिसायला सहा अक्षरांचा, पण चिन्हं १०, म्हणजे ३० बाइट. आता पीएचपीचं जेसन एन्कोड सवयीने प्रत्येक चिन्हाचा बॅकस्लॅश-यू आणि चार हेक्स आकडे असा अवतार करतं, तो ६ बाइटचा. तोच शब्द ६० बाइट झाला. म्हणजे ४०९६ मध्ये १,३६५ चिन्हं मावायची तिथे ६८२ मध्येच भांडं भरतं, आणि त्यातही बाकीच्या कीज आल्या. 'अनएस्केप्ड युनिकोड'चा फ्लॅग लावा, निम्मं वजन उतरेल. पायथनच्या जेसन डम्प्समध्येही हाच प्रकार, तिथे 'एन्शुअर अ‍ॅस्की' फॉल्स करायचं. नोडमध्ये ही कटकट नाही.

'पेलोड एम्प्टी': कुठेतरी मजकूर साध्या सबस्ट्रने छाटताय का? ते बाइटवर कापतं. तीन बाइटच्या चिन्हाचा मधूनच तुकडा पडला की यूटीएफ-८ मोडतं, जेसन एन्कोड चूक न फेकता फॉल्स परत करतं, आणि कर्ल रिकामी बॉडी पाठवून मोकळं होतं. लॉगमध्ये तुम्हाला मूळ अ‍ॅरे दिसतो, म्हणून 'बॉडी तर भरलेली आहे' असं वाटतं. एन्कोडला 'थ्रो ऑन एरर' द्या आणि लॉगमध्ये एन्कोड झाल्यानंतरची स्ट्रिंग आणि तिचे बाइट लिहा.

छाटायला एमबी-सबस्ट्र घेतलं तर जेसन मोडणार नाही, पण भाषा मोडेल. 'क्षमस्व' सहा चिन्हांवर कापा, 'क्षमस्' असं हलंत लोंबकळत राहतं. 'ग्राफीम' (दिसणारं अख्खं अक्षर मोजणारं) फंक्शन वापरलं की सुटलो असं नाही. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीत, २०२३ ला आला, आणि सर्व्हरवरचं आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) त्याआधीचं असेल तर ते 'क्'वर खुशाल कापतं. सगळ्यात सोपं: शेवटच्या स्पेसवर कापा, पुढे काही जोडू नका. ओळी दाखवायच्या किती ते फोन स्वतः ठरवतो आणि तीन टिंबंही तोच काढतो.

मुळात लांब मजकूर पुशमध्ये घालायचाच कशाला? शीर्षक, एक वाक्य आणि आयडी. बाकी अ‍ॅप सर्व्हरवरून आणेल.

---

आडवीरेघ

सबस्ट्र सापडलं, ते प्रीव्ह्यू बनवणाऱ्या फंक्शनमध्ये होतं. शेवटचे दोन प्रश्न. २०० ला पोच समजायचं नाही, मग खरी पोच मोजायची कशी? आणि एकाच फोनवर एकाने लॉगआउट करून दुसऱ्याने लॉगिन केलं तर जुन्याची नोटिफिकेशनं नव्याला दिसतात, ते कुठे अडवायचं?

---

डोझमोड

पोच: अँड्रॉइडला डेटा मेसेज आला की अ‍ॅपने नोटिफिकेशनचा आयडी सर्व्हरला परत कळवायचा. त्यासाठी त्या कॉलबॅकमध्येच नेटवर्कची वाट बघत बसू नका, वर्कमॅनेजरकडे द्या. आयओएसला 'म्यूटेबल-कंटेंट' १ पाठवून नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेन्शन लिहायचं. त्याला सुमारे ३० सेकंद मिळतात, तेवढ्यात आयडी कळवता येतो. हे अलर्टलाच चालतं, सायलेंटला नाही. एकेका नोटिफिकेशनचा माग काढायचा असेल तर सँडबॉक्सचा एपीएनएस उत्तरात 'एपीएनएस-युनिक-आयडी' देतो, तो अ‍ॅपलच्या पुश कन्सोलमध्ये टाकला की पुढचा प्रवास दिसतो.

पोच मोजली तरी 'वाचलं' वेगळं. तीन आकडे वेगळे ठेवा: स्वीकारलं, पोचलं, उघडलं. त्यांची बेरीज-वजाबाकी करून एकच टक्केवारी काढली की चर्चा भलतीकडे जाते.

---

रांगेतला

लॉगआउटचं: टोकन फोनवरच्या अ‍ॅपचं असतं, माणसाचं नाही. म्हणून टोकनच्या हॅशवर युनिक, यूजर आयडी हा बदलता कॉलम. नवा माणूस लॉगिन झाला की त्याच ओळीवर यूजर आयडी बदला, नवी ओळ टाकू नका. तुमच्या आत्ताच्या टेबलात यूजर आणि टोकन मिळून युनिक असणार, त्यामुळे एकच टोकन दोघांच्या नावावर पडलंय.

लॉगआउटला सर्व्हरवर यूजर आयडी रिकामा करा, सेशन संपवायच्या आधी. उलट क्रमाने केलं तर टोकन सोडवणारी रिक्वेस्ट ४०१ खाऊन परत येते आणि ओळ तशीच राहते. फोन ऑफलाइन असताना लॉगआउट झालं तर ही रिक्वेस्ट जाणारच नाही. तेवढ्यासाठी अ‍ॅपने 'टोकन सोडवायचं बाकी' अशी खूण ठेवायची आणि नेट आलं की आधी ती निपटायची. पेलोडमध्ये यूजर आयडीही घाला. अँड्रॉइडला डेटा मेसेज असेल तर अ‍ॅप तो आत्ताच्या लॉगिनशी जुळवून, न जुळल्यास दाखवणारच नाही. आयओएसला साध्या एक्स्टेन्शनमधून अलर्ट पूर्ण दाबता येत नाही, मजकूर बदलता येतो, तेव्हा तिथे 'नवीन सूचना आहे' इतकंच ठेवा.

आणि क्यूमध्ये आधीच पडलेल्या कामांत टोकन कोरून ठेवलं असेल तर तेही बदला. क्यूमध्ये इन्स्टॉलेशन आयडी आणि यूजर आयडी ठेवा, टोकन पाठवायच्या क्षणी टेबलातून उचला. त्या क्षणी यूजर जुळला नाही तर काम टाकून द्या.

---

पोर्ट२१९७

एक पुरवणी, अजून कुणी बोललं नाही म्हणून. सर्व्हरची इमेज जुनी असेल तर रूट सर्टिफिकेटांचा गठ्ठा तपासा. अ‍ॅपलने २०२५ च्या सुरुवातीला एपीएनएसचं सर्व्हर सर्टिफिकेट बदललं, आधी सँडबॉक्सवर, मग प्रॉडक्शनवर, आणि आता ट्रस्ट स्टोअरमध्ये यूएसईआरट्रस्टचं आरएसए रूट लागतं. ते नसेल तर टीएलएसमध्येच (सुरक्षित कनेक्शन जोडतानाच) गाडी अडते. ४००-५०० काहीच येत नाही, नुसतं कनेक्शन तुटतं आणि वर्कर ते नेटवर्कचा बिघाड समजून रिट्राय करत बसतो. रिट्रायच्या लॉगमध्ये टीएलएसचा एरर वेगळ्या नावाने पाडा.